फिश टँकचा शोध कोणी लावला? झान व्हिलप्रो-पॉवरची गोष्ट (आणि माझ्या गळक्या टँकची)



गेल्या पावसाळ्यात मी घरीच एक मोठा अ‍ॅक्रेलिकचा फिश टँक बनवायला घेतला. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. व्हिडिओ बघितले, शीट आणली, कापली, जोडली. पाणी भरून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी खालच्या जोडातून थेंब यायला लागले. रात्रीपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकांच्या हॉलच्या छताला ओल आली. काका काही बोलले नाहीत, पण आईने टँक भंगारात द्यायचं फर्मान काढलं.

बादल्यांनी टँक रिकामा करून मी फरशीवर बसलो होतो. हातात मोबाईल होता. मनात आलं, ही कल्पना पहिल्यांदा सुचली तरी कोणाला? शोधता शोधता एक नाव सापडलं, झान व्हिलप्रो-पॉवर. पुढचे चार दिवस मी टँकला हात लावला नाही, फक्त या बाईबद्दल वाचत होतो. आज तिचीच गोष्ट सांगतो. टँकचं काय झालं तेही शेवटी सांगतो.

खेड्यातून पॅरिसला, तेही चालत

झानचा जन्म सप्टेंबर १७९४ मध्ये फ्रान्समधल्या ज्युयाक नावाच्या लहानशा गावात झाला. घरची परिस्थिती साधी. विज्ञानाचं शिक्षण वगैरे प्रश्नच नव्हता. अठरा वर्षांची झाल्यावर ती कामाच्या शोधात पॅरिसला निघाली. अंतर चारशे किलोमीटरहून जास्त, आणि प्रवास पायी. आपल्याकडे मुंबईहून कोल्हापूरला चालत जावं तसं.

पॅरिसमध्ये ती एका कपडे शिवणाऱ्या बाईच्या हाताखाली लागली. हात इतका चांगला होता की १८१६ मध्ये एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिच्याकडे आला. नवरी होती दक्षिण इटलीच्या राजघराण्यातली मारी-कॅरोलिन, आणि नवरा फ्रान्सच्या राजाचा पुतण्या. या कामामुळे झानचं नाव झालं. याच काळात तिची ओळख जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी झाली. १८१८ मध्ये दोघांनी सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात लग्न केलं आणि तिथेच संसार थाटला.

इथे गोष्ट संपू शकली असती. व्यापाऱ्याची बायको, समुद्रकिनाऱ्यावरचं घर, आरामाचं आयुष्य. पण झानने निसर्गाचा अभ्यास सुरू केला, तोही स्वतःच्या स्वतः. सिसिली बेट पालथं घातलं. झाडं, फुलपाखरं, शिंपले, जीवाश्म, जे दिसेल त्याची नोंद केली, नमुने जमवले. पुढे १८३९ आणि १८४२ मध्ये तिची सिसिलीवरची दोन प्रवासी मार्गदर्शक पुस्तकंही आली.

दोन हजार वर्षं अडकलेला प्रश्न

मेसिनाच्या समुद्रात अर्गोनॉट नावाचा एक प्राणी मिळतो. ऑक्टोपसचा भाऊबंद. फरक एवढाच की याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्या, सुंदर शिंपल्यात राहते. हा शिंपला तिच्या अंगाला कुठेही जोडलेला नसतो. मग तो तिचा स्वतःचा, की दुसऱ्या कोणाचा ढापलेला? साधू खेकडा रिकाम्या शंखात घुसतो ना, तसा?

हा प्रश्न अगदी अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून पडून होता. अर्गोनॉटच्या मादीला दोन हात पसरट पडद्यासारखे असतात. ते शिडासारखे उभारून ती पाण्यावर तरंगत जाते, असंही लोक मानत. नुसती मतं होती, कारण जिवंत अर्गोनॉट नीट बघायची सोयच नव्हती. अभ्यासकांकडे यायचे ते स्पिरिटच्या बाटलीतले मेलेले नमुने. मेलेला प्राणी शिंपला बनवून दाखवणार कसा?

झानच्या लक्षात आलं की अडचण प्राण्याची नाही, उपकरणाची आहे. आणि उपकरण बाजारात मिळत नसेल तर ते आपणच बनवायचं.

१८३२: तीन टँक, तीन कामं

१८३२ च्या सुमारास तिने तीन प्रकारची उपकरणं तयार केली.

पहिलं म्हणजे घरात ठेवायची काचेची पेटी. समुद्राचं पाणी आणि त्यात जिवंत प्राणी. आपण आज ज्याला फिश टँक म्हणतो, तो हाच.

दुसरं म्हणजे पिंजऱ्यात बसवलेली काचेची पेटी. ती समुद्रात सोडता यायची आणि बघायचं असेल तेव्हा वर काढता यायची. लहान प्राण्यांसाठी.

तिसरं म्हणजे मोठा पिंजरा, नांगर टाकून समुद्रातच ठेवलेला. मोठ्या प्राण्यांना त्यांच्या नेहमीच्या पाण्यात ठेवून बघण्यासाठी. या पिंजऱ्यांना पुढे तिच्याच नावाने ओळखलं गेलं.

विचार करा, विजेवर चालणारा पंप नाही, फिल्टर नाही, हीटर नाही. पाणी खराब झालं तर बदलायचं, एवढंच. म्हणूनच तिसरा टँक मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. पाणी ताजं ठेवायचं काम तिने थेट समुद्रावरच सोपवलं.

शिंपला फोडून बघितला

आता प्रयोग. झानने अर्गोनॉटच्या शिंपल्याचे मुद्दाम तुकडे पाडले आणि वाट बघितली. मादीने तो शिंपला दुरुस्त केला. त्यासाठी तिने वापरले तेच दोन पसरट हात, ज्यांना लोक शीड समजत होते. त्या पडद्यांमधून शिंपल्याचा माल स्रवतो आणि त्यानेच भेग भरली जाते. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांना शिंपला नसतो, तो नंतर बनतो, हेही तिने नोंदवलं.

म्हणजे शिंपला चोरीचा नव्हता. अर्गोनॉट तो स्वतः बनवते.

हे एकदा बघून झालेलं काम नाही. पुन्हा पुन्हा प्राणी आणायचे, काही मरणार, परत पहिल्यापासून सुरुवात. असं तिने कित्येक वर्षं केलं. कतानिया शहरातल्या जोएनिया अकादमीने तिला सदस्य करून घेतलं, आणि त्या अकादमीतली ती पहिली बाई. तरी युरोपातल्या सगळ्यांनी तिचं म्हणणं लगेच मान्य केलं नाही. तेव्हा लंडनमधले नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन तिच्या बाजूने उभे राहिले. तिने पाठवलेले नमुने त्यांनी तिथल्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडले. त्या सोसायटीनेही तिला आपल्या सभासदांत घेतलं.

जहाज बुडालं

आता गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग. झानच्या संग्रहाचा मोठा हिस्सा, नमुने, टिपणं, चित्रं, पेट्यांमध्ये भरून जहाजाने लंडनकडे निघाला. ते जहाज बुडालं.

हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवला. माझा एकदा फोन गेला होता आणि दोन वर्षांचे फोटो गेले होते, तेव्हा मी आठवडाभर कोणाशी नीट बोललो नव्हतो. इथे अर्ध्या आयुष्याचं काम समुद्राच्या तळाशी गेलं.

तरी तिचं काम संपूर्ण बुडालं नाही. का? कारण ते एकाच ठिकाणी नव्हतं. १८३९ मध्ये मेसिनात छापलेलं तिचं निरीक्षणांचं पुस्तक होतं. अकादमीच्या दप्तरात निष्कर्ष होते. लंडनला ओवेनकडे पोहोचलेले नमुने होते. आजच्या भाषेत सांगायचं तर तिचा बॅकअप तीन ठिकाणी होता.

१८४३ मध्ये पती-पत्नींनी सिसिली सोडली. त्यानंतर झान पॅरिस आणि लंडन इथे राहिली, लिहीत राहिली, पण तसे प्रयोग पुन्हा झाले नाहीत. दरम्यान इंग्लंडमध्ये फिश टँकची लाट आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि अ‍ॅक्वेरियम हा शब्द घरोघरी गेला. शब्द गॉस यांच्यामुळे रुळला, पण तोवर मेसिनातल्या काचेच्या पेटीला दोन दशकं होऊन गेली होती.

१८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घालायला सुरुवात केली, तेव्हा झान शहर सोडून ज्युयाकला परतली. अठराव्या वर्षी जिथून चालत निघाली, त्याच गावात २५ जानेवारी १८७१ रोजी ती गेली. १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव दिलं गेलं.

काचेपासून अ‍ॅक्रेलिकपर्यंत

तिच्याकडे काच होती, आपल्याकडे अ‍ॅक्रेलिक आहे. १९३३ मध्ये जर्मनीत ओट्टो रोम यांच्या कंपनीने प्लेक्सिग्लास या नावाने ते बाजारात आणलं, म्हणजे झानच्या टँकनंतर साधारण शंभर वर्षांनी. काचेच्या जवळजवळ निम्मं वजन, सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार, आणि धक्का लागला तर काचेसारखं फुटत नाही. पण ओरखडे पटकन पडतात आणि स्पिरिटने पुसलं तर बारीक भेगा येतात.

अ‍ॅक्रेलिकचा जोड चिकटवलेला नसतो. सॉल्व्हंट दोन्ही कडा किंचित विरघळवतं आणि त्या एकजीव होतात. त्यामुळे कडा अगदी सपाट हव्यात. मधली फट सॉल्व्हंट भरून काढत नाही. मी करवतीने कापलेल्या वाकड्यातिकड्या कडा तशाच जोडल्या होत्या, तिथेच घात झाला. (हे काम खिडक्या उघड्या ठेवून, मोकळ्या हवेतच करा. त्याची वाफ छातीला चांगली नाही.)

दुसरी चूक हिशोबाची. माझ्या टँकमध्ये सुमारे ४३२ लिटर पाणी मावत होतं, म्हणजे ४३२ किलो. समोरच्या भिंतीवर पाण्याचा एकूण रेटा साधारण २१६ किलो वजनाएवढा, आणि शीट होती फक्त ८ मिलिमीटरची. गंमत म्हणजे हा रेटा उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. टँक कितीही रुंद करा, समोरच्या भिंतीला फरक पडत नाही. पण उंची दोन फुटांवरून दीड फूट केली की तोच रेटा १२१ किलोवर येतो.

मग टँकचं काय झालं?

झानचं आयुष्य वाचताना एक गोष्ट मला टोचत राहिली. तिच्याकडे आधी प्रश्न होता, मग टँक आला. माझ्याकडे फक्त टँक होता. मोठा हवा, कारण मोठा दिसायला भारी. दोन फूट उंची मला का हवी होती, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काकांच्या छताला रंग लावून दिला. आईकडून एक शेवटची संधी मागून घेतली. यावेळी उंची दीड फूट, १२ मिलिमीटरची कास्ट शीट, कडा मशीनवर सपाट करून घेतल्या, वरून चारही बाजूंनी आडवी पट्टी. पाणी भरून सात दिवस खाली पार्किंगमध्ये ठेवला. एक थेंब नाही. मग वर आणला, भिंतीलगत, बीमच्या बाजूला. नंतर दीड महिना मासे न घालता चालवला, कारण माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

आता त्यात सहा रोझी बार्ब आहेत, आणि यावेळी माझ्याकडेही एक प्रश्न आहे. थव्यात पुढे कायम एकच मासा असतो का, की पाळी बदलते? रोज संध्याकाळी दहा मिनिटं फोन स्टँडला लावून रेकॉर्ड करतो आणि वहीत लिहितो. बॅकअप दोन ठिकाणी.

तेवीस दिवस झाले. उत्तर अजून मिळालेलं नाही. काल काका वर आले होते. छताबद्दल काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून टँकसमोर बसले आणि कोणता मासा पुढे आहे ते मोजायला लागले.