आपल्याच सरकारविरुद्ध उभा राहिलेला परराष्ट्रमंत्री

आमच्या घरी २६ जानेवारीला दोन गोष्टी ठरलेल्या असत. सकाळी शाळेच्या मैदानावर झेंडावंदन आणि दुपारी जेवणं आटोपल्यावर धाकट्या काकांच्या तोंडून एका आयरिश वकिलाची गोष्ट. काका तालुक्याच्या कोर्टात वकिली करत. आणीबाणीत त्यांना मिसाखाली नेलं तेव्हा मी सातवीत होतो. आजी रोज संध्याकाळी दिवा लावला की विचारायची, खटला कधी उभा राहणार? खटला नव्हताच. आरोपपत्र नाही, तारीख नाही, साक्षीदार नाही. विनाचौकशी स्थानबद्धता हा शब्द आजीला शेवटपर्यंत कळला नाही, आणि मला वाटतं तो न कळण्यातच तिचा शहाणपणा होता. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की आणीबाणी असेपर्यंत अशा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, तेव्हा घरात दोन दिवस कोणी फारसं बोललं नाही.

चौदा महिन्यांनी काका सुटून आले. पुढच्याच वर्षीपासून त्यांची ती गोष्ट सुरू झाली. गोष्टीतल्या माणसाचं नाव शॉन मॅकब्राइड आणि त्याची जन्मतारीख २६ जानेवारी, साल १९०४. हा योगायोग काकांना फार आवडे. मला तेव्हा गोष्टीतला तुरुंगातून पळण्याचा भाग आवडायचा. बाकीचा भाग कळायला केस पांढरे व्हावे लागले.

शॉनचा जन्म पॅरिसचा. आई मॉड गॉन. येट्स या कवीने जिला पुन्हा पुन्हा मागणी घातली आणि जिने दर वेळी नकार दिला, ती हीच. आपल्याकडे येट्स माहीत आहे तो रवींद्रनाथांच्या इंग्रजी गीतांजलीचा प्रस्तावनाकार म्हणून. वडील मेजर जॉन मॅकब्राइड. हे दक्षिण आफ्रिकेत बोअरांच्या बाजूने इंग्रजांशी लढून आलेले. दोघांचं लग्न दोन वर्षंही धड टिकलं नाही. पोर आईकडे फ्रान्समध्ये वाढलं. त्याची पहिली भाषा फ्रेंच, आणि पुढे आयर्लंडचा परराष्ट्रमंत्री झाल्यावरही त्याच्या इंग्रजीतून ते फ्रेंच वळण गेलं नाही. कडवा आयरिश राष्ट्रवादी, पण बोलतो परदेशी माणसासारखा! विरोधकांना चेष्टेला हे पुरेसं होतं.

एप्रिल १९१६. आपल्याकडे त्याच महिन्यात बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. तो शब्दच मुळी आयर्लंडहून आलेला. आणि इकडे डब्लिनमध्ये ईस्टरच्या सोमवारी मूठभर बंडखोरांनी शहरातल्या मोक्याच्या इमारती ताब्यात घेतल्या. मेजर मॅकब्राइड त्या कटात नव्हते. ते भावाच्या लग्नासाठी शहरात आले होते. रस्त्यात बंडखोर दिसले, आणि हा जुना सैनिक सरळ त्यांच्यात जाऊन उभा राहिला. आठवड्याभरात बंड मोडलं. ५ मे रोजी किलमेनमच्या तुरुंगात त्यांना गोळ्या घातल्या. जो बाप मुलाने नीट पाहिलाही नव्हता, तो बारा वर्षांच्या शॉनच्या वाट्याला एकदम हुतात्मा म्हणून आला. नवऱ्यापासून केव्हाच वेगळ्या झालेल्या मॉड गॉनने विधवेचा काळा वेश चढवला आणि तो जन्मभर उतरवला नाही.

मग पोरगं काय करणार? आयर्लंडमध्ये परतल्यावर पंधरा-सोळाव्या वर्षीच तो सशस्त्र लढ्यात उतरला. १९२१ मध्ये मायकेल कॉलिन्स लंडनला तहाची बोलणी करायला गेले, तेव्हा त्यांच्या मदतनीसांत सतरा वर्षांचा शॉन होता. पण जो तह झाला त्यात देशाची फाळणी कायम राहिली आणि इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथही. शॉन तहाच्या विरोधात गेला. कालपर्यंत एका ताटात जेवणारे आता एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले.

इथे काका नेहमी थांबत आणि सुपारी कातरायला घेत. कारण पुढचा भाग त्यांना जड जाई. माउंटजॉय तुरुंगात शॉनच्या कोठडीत रॉरी ओकॉनर हा बंडखोरांचा पुढारी होता. डिसेंबर १९२२ मध्ये नव्या आयरिश सरकारच्या बाजूच्या एका लोकप्रतिनिधीची हत्या झाली. बदला म्हणून दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, सरकारने तुरुंगातल्या चौघांना गोळ्या घातल्या. त्या चौघांत ओकॉनर होता. खटला नाही, आरोप नाही. जी हत्या झाली ती झाली तेव्हा हे चौघे महिनोन्‌महिने गजाआड होते. या निर्णयाला संमती देणारा मंत्री केव्हिन ओहिगिन्स. त्याच्या लग्नात त्याच्या शेजारी करवला म्हणून उभा राहिलेला मित्र होता हाच रॉरी ओकॉनर. त्या लग्नाला सव्वा वर्षही झालं नव्हतं.

बापाला परक्या सरकारने मारलं आणि कोठडीतल्या सोबत्याला स्वकीयांनी. माझ्या मते मॅकब्राइड यांचं पुढचं सगळं आयुष्य या दुसऱ्या मृत्यूशी चाललेला वाद आहे. पहिल्याचा राग धरणं सोपं होतं.

पुढच्या वर्षी तुरुंग बदलताना तो निसटला. १९२७ मध्ये ओहिगिन्सचीही हत्या झाली आणि संशय शॉनवर आला. त्या वेळी तो देशाबाहेर होता. तरीही काही काळ त्याला आत ठेवलंच. १९३६ मध्ये तर तो आयआरए या भूमिगत सेनेचा प्रमुख झाला. पण १९३७ मध्ये डी व्हॅलेरा यांनी नवी राज्यघटना आणली (आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं जिच्यावरून घेतली तीच), तेव्हा मॅकब्राइडना वाटलं की आता बंदुकीची गरज राहिली नाही. त्यांनी सेना सोडली आणि त्याच वर्षी वकिलीची सनद घेतली. जुन्या सोबत्यांपैकी कित्येकांनी त्यांना कधी माफ केलं नाही. मात्र पकडले गेले की वकील म्हणून तेच हवे असत!

त्या वकिलीतला एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पोर्टलीशच्या तुरुंगात शॉन मॅकॉगी नावाचा कैदी होता. आपण गुन्हेगार नाही म्हणून तो कैद्याचे कपडे घालायला तयार नव्हता. साडेचार वर्षांहून अधिक काळ तो अंगाभोवती फक्त घोंगडी गुंडाळून राहिला. मे १९४६ मध्ये अन्न आणि शेवटी पाणीही सोडून तो मेला. चौकशीत मॅकब्राइड मृताच्या बाजूने उभे राहिले. समोर तुरुंगाचे डॉक्टर. मॅकब्राइडनी कायद्याचं कलम काढलं नाही, आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की तुमच्याकडे कुत्रा असता तर त्याला तुम्ही अशा अवस्थेत ठेवलं असतं का? डॉक्टर भला माणूस असावा. थोडं थांबून त्याने नाही म्हटलं. आयर्लंडभर ते उत्तर पोचलं.

त्याच वर्षी मॅकब्राइडनी क्लान ना पोब्लाख्टा हा पक्ष काढला आणि १९४८ च्या निवडणुकीत दहा जागा मिळवल्या. डी व्हॅलेरांची सोळा वर्षांची सत्ता घालवायची तर पाच पक्ष आणि काही अपक्षांची मोट बांधावी लागणार होती, आणि त्यातला सर्वांत मोठा पक्ष फिने गेल. म्हणजे ओकॉनरला गोळ्या घालणाऱ्यांचाच वारस. त्यांचे नेते रिचर्ड मल्काही हे तर यादवीच्या काळात सेनापती. मल्काही पंतप्रधान नकोत, एवढी एक अट घातली गेली. मल्काही बाजूला झाले, जॉन कॉस्टेलो पंतप्रधान झाले. मल्काहींनी शिक्षणखातं घेतलं, मॅकब्राइडनी परराष्ट्रखातं. आणि तीन वर्षं ही दोन माणसं एकाच मंत्रिमंडळाच्या टेबलापाशी बसली. आपल्याकडे दोन भावांत बांधावरून कोर्ट झालं तर ते एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. त्या टेबलापाशी पहिल्या दिवशी कोण कोणाकडे कसं पाहत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांच्या वाट्याला एक विलक्षण काम आलं. येट्स १९३९ मध्ये फ्रान्समध्ये वारले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांचे अवशेष आयरिश नौदलाच्या जहाजातून मायदेशी आणले. सरकारतर्फे त्यांना सामोरा गेला तो मॉड गॉनचा मुलगा. एप्रिल १९४९ मध्ये आयर्लंड पूर्ण प्रजासत्ताक होऊन राष्ट्रकुलातून बाहेर पडलं. त्याच महिन्यात भारताने प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याची वाट काढली. फाळणी असेपर्यंत ब्रिटनबरोबर एका लष्करी करारात बसणार नाही, असं म्हणून मॅकब्राइडनी नाटोलाही नकार दिला. जिथे जातील तिथे फाळणीचं गाऱ्हाणं मांडत. ऐकणारे कंटाळत, आणि सीमा तसूभरही हलली नाही.

एक काम मात्र गाजावाजा न होता झालं. ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोममध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय करारावर आयर्लंडतर्फे त्यांनी सही केली.

आता त्यांच्या चुकीबद्दल. काका हा भाग गाळत. त्यांच्याच पक्षाचे आरोग्यमंत्री नोएल ब्राउन हे आईबाप क्षयाने गमावलेले डॉक्टर. त्यांनी देशभर क्षयाविरुद्ध मोहीम चालवली आणि गरोदर स्त्रिया व सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत उपचार देण्याची योजना आणली. कॅथलिक बिशपांनी विरोध केला, डॉक्टरांच्या संघटनेने केला. एप्रिल १९५१ मध्ये ब्राउनचा राजीनामा मागितला तो दुसऱ्या कोणी नव्हे, त्यांचे पक्षनेते मॅकब्राइड यांनी. ब्राउननी सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना देऊन टाकला. पुढच्या निवडणुकीत क्लानच्या दहाच्या दोन जागा राहिल्या. गोळ्यांपुढे न वाकलेला माणूस धर्मपीठापुढे वाकला. याची सारवासारव करण्यात अर्थ नाही.

१९५७ मध्ये त्यांची स्वतःची जागाही गेली, आणि ते पुन्हा काळा कोट चढवून बारमध्ये आले. त्याच जुलैत जेरार्ड लॉलेस या तरुणाला आयआरएशी संबंधाच्या संशयावरून पकडून कराच्या छावणीत टाकलं. विनाचौकशी. (त्याच्या आडनावाचा इंग्रजी अर्थ बेकायदा! नियतीलाही कधी कधी विनोद सुचतो.) आयर्लंडमधली न्यायालयं संपली. तेव्हा मॅकब्राइडनी रोमला सही केलेला तो करार बाहेर काढला. मंत्री म्हणून देशाच्या वतीने जे वचन दिलं होतं, तेच वचन वकील म्हणून देशाकडे मागायला ते स्ट्रासबुर्गला गेले. त्या मानवी हक्क न्यायालयापुढे आलेला हा पहिलाच खटला. १ जुलै १९६१ रोजी निकाल लागला, आणि लॉलेस हरला. परिस्थिती आणीबाणीची होती, सबब सरकारला तशी मुभा होती, असं न्यायालय म्हणालं.

हरला, मग गोष्ट कशाला सांगता? असं मी काकांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले की बाळ, तारीख तर पडली.

त्यानंतरचं आयुष्य जगाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या कार्यकारिणीचं अध्यक्षपद १९७५ पर्यंत, नामिबियासाठी संयुक्त राष्ट्रांचे आयुक्त, १९७४ चं शांततेचं नोबेल जपानच्या सातो यांच्याबरोबर विभागून, मग सोव्हिएत रशियाचं लेनिन पारितोषिकही. जगातल्या बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडूनच का वाहतो, हे तपासणाऱ्या युनेस्कोच्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. आपले बी. जी. वर्गीस त्या आयोगाचे सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला.

या सगळ्या मानसन्मानांत उत्तर आयर्लंड पेटलेलंच होतं. तिथल्या हिंसेबद्दल मॅकब्राइड बोलत तेव्हा ब्रिटिश सत्तेचा दोष ठसठशीत आणि आयआरएच्या बॉम्बचा दोष मवाळ शब्दांत येई, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. मला तो बराचसा खरा वाटतो. १९८१ मध्ये तुरुंगात उपोषण करून मेलेल्या बॉबी सँड्सच्या पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. ती लिहिताना त्यांच्यासमोर घोंगडीतला मॅकॉगी असणार, हे मी समजू शकतो. पण बाजारात बॉम्बने मेलेल्या माणसालाही कोणी वकील हवा होता.

१५ जानेवारी १९८८ रोजी डब्लिनमध्ये ते गेले. चौऱ्याऐंशी पुरे व्हायला अकरा दिवस कमी होते. ग्लॅसनेव्हिनच्या दफनभूमीत आईच्या आणि पत्नीच्या शेजारी त्यांना पुरलं. आयर्लंडने फाशीची शिक्षा कायद्याने रद्द केली ती १९९० मध्ये, आणि २००१ मध्ये घटनेतूनही तिची शक्यता काढून टाकली.

स्ट्रासबुर्गची वाट मात्र त्यांच्या हयातीतच रुळली होती. १९७१ मध्ये ब्रिटिशांनी उत्तर आयर्लंडमध्ये धरपकड करून चौदा जणांच्या डोक्यावर टोपडी चढवली, भिंतीशी उभं केलं, कर्कश आवाजात झोपेविना आणि पुरेशा अन्नपाण्याविना ठेवलं. त्याविरुद्ध आयरिश सरकारने त्याच कराराखाली ब्रिटनवर खटला भरला. १९७८ च्या निकालात ही वागणूक अमानुष ठरली, पण तिला छळ म्हणायला न्यायालय तयार झालं नाही. नवी कागदपत्रं उजेडात आल्यावर आयर्लंडने २०१४ मध्ये फेरविचार मागितला. २०१८ मध्ये तो फेटाळला गेला.

आणि मग जानेवारी २०२४. त्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतल्या कित्येकांच्या मृत्यूचा तपास लागलेला नाही. ब्रिटिश संसदेने २०२३ मध्ये कायदा करून जुने दिवाणी दावे आणि मृत्यूंच्या न्यायालयीन चौकश्या बंद केल्या, आणि माहिती देणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण देऊ केलं. आयर्लंडने ब्रिटनला पुन्हा स्ट्रासबुर्गच्या न्यायालयात खेचलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून या जुन्या प्रकरणांसाठी नवी चौकट जाहीर केली.

खटला दाखल झाल्याची बातमी वाचली तो दिवस २६ जानेवारीच्या आठवडाभर आधीचा होता. काका असते तर चष्मा शोधत पहिल्यांदा विचारलं असतं, कलम कुठलं लावलंय? मी मुद्दाम शोधून पाहिलं. त्यात दुसरं होतं, जगण्याच्या हक्काचं.