पियेर लोती : नौदलातील लेखक

फ्रेंच कादंबरीकार पियेर लोती चाळीस वर्षांहून अधिक काळ नौदलाचा अधिकारी होता. त्याच्या वाङ्मयाची चर्चा करताना ही बाब बहुधा केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून नोंदवली जाते. वस्तुतः त्याची लेखणी कोठे मोकळी होती आणि कोठे अडली, हे त्या नोकरीवाचून उमगत नाही.

त्याचे मूळ नाव ज्युलियाँ व्हियो. १४ जानेवारी १८५० रोजी रोशफोर या बंदराच्या गावी एका प्रॉटेस्टंट कुटुंबात त्याचा जन्म झाला. थोरला भाऊ ग्युस्ताव्ह नौदलात शल्यवैद्य होता. १८६५ मध्ये इंडोचायनाहून परतताना त्याचा जहाजावरच अंत झाला आणि बंगालच्या उपसागरात त्याला जलसमाधी देण्यात आली. पुढे वडिलांवर अपहाराचा आरोप आला. ते निर्दोष सुटले, परंतु घर कर्जात बुडाले. अशा स्थितीत १८६७ मध्ये ज्युलियाँ ब्रेस्टच्या नाविक विद्यालयात दाखल झाला. 'लोती' हे नाव त्याला १८७२ मध्ये ताहितीत मिळाले. 'आझियादे' ही पहिली कादंबरी १८७९ मध्ये निनावीच निघाली.

१८८३ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच आरमाराने व्हिएतनाममधील थुआन आन येथील किल्ले घेतले. तेथील कत्तलीचे वर्णन लोतीने 'फिगारो' पत्रात लिहिले. सरकार संतापले आणि त्याला मायदेशी परत बोलावण्यात आले. त्यानंतर अशी वार्तापत्रे थांबली. मात्र 'आइसलँडचा मच्छीमार' (१८८६) या कादंबरीत सिल्व्हेस्त्र हा ब्रिटनीचा कोवळा खलाशी टोंकिनच्या युद्धात जखमी होतो, परतीच्या जहाजावर प्राण सोडतो आणि सिंगापूरला पुरला जातो. वृत्तपत्रात जे लिहिता आले नाही ते येथे एका आजीच्या शोकात उतरले आहे. भावाच्या मृत्यूची छायाही त्या प्रकरणावर आहे, असे मानण्यास जागा आहे. लोतीला केवळ परदेशी रंगांचा चित्रकार ठरविणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

१८९१ मध्ये झोलाला मागे सारून तो फ्रेंच अकादमीवर निवडून आला. १८९८ मध्ये त्याला सक्तीने निवृत्त करण्यात आले. त्याविरुद्ध दाद मागून तो पुढच्याच वर्षी सेवेत परतला आणि लगोलग हिंदुस्थानात आला. त्रावणकोर, पाँडिचेरी, वेरूळ, राजपुताना, काशी असा त्याचा प्रवास झाला. १९०३ मध्ये निघालेल्या प्रवासग्रंथाचे नावच 'इंग्रजांविना हिंदुस्थान' असे आहे. वगळण्याची ही कल्पना चटकदार खरी, पण तिच्यात एक अडचण आहे. याच ग्रंथात रेल्वे स्थानकांवर दुष्काळाने तडफडणारी मुले आहेत आणि त्याच गाडीला जोडलेले धान्याचे डबेही आहेत. राज्यकर्ताच चित्रातून पुसल्यावर त्या डब्यांचा जाब कोणाला विचारायचा? थुआन आनला ज्याने स्वतःच्याच आरमाराकडे बोट दाखविले, त्याने येथे करुणेवर भागविले. ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांनी या ग्रंथाचा बंगालीत अनुवाद केला, तेव्हा शीर्षकातील ती वगळणूक कायम ठेवली. वसाहतीतील वाचकाला तिचा अर्थ निराळाच लागला असणार.

लोती १९१० मध्ये निवृत्त झाला. १० जून १९२३ रोजी आंदाय येथे त्याचे निधन झाले. शासकीय इतमामाने अंत्ययात्रा निघाली आणि ओलेरों बेटावरील पूर्वजांच्या घराच्या बागेत त्याचे दफन झाले.