हुकूमशहाच्या दारातून आलेला मताचा हक्क

मैत्रिणींनो, मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून आपण घरी येतो, तेव्हा या हक्कासाठी कुणी काय किंमत मोजली, हे फारसं मनात येत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात बायकांना हा हक्क १९५४ साली मिळाला, तोही एका लष्करी हुकूमशहाच्या राजवटीत! तो मिळवून देणाऱ्यांत एक नाव होतं होसेफिना वालेन्सिया यांचं.

त्यांचा जन्म १९१३ सालचा, काउका प्रांतातल्या पोपायान गावचा. पांढऱ्याशुभ्र भिंतींचं, चर्चच्या घंटांचं हे जुनं गाव. वडील गिएर्मो वालेन्सिया देशभर गाजलेले कवी आणि कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे पुढारी. १९१८ आणि १९३० अशी दोनदा त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि दोन्हीदा हरले. भाऊ गिएर्मो लेओन हाही राजकारणात, पुढे स्पेनमध्ये राजदूत. थोडक्यात काय, घरात सकाळ-संध्याकाळ राजकारणाच्याच गप्पा! पण घरच्या लेकीला मात्र मत देता येत नव्हतं.

कायदा अगदी कासवाच्या गतीनं बदलत होता. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता सांभाळायचा हक्क मिळाला १९३२ साली. विद्यापीठाचं दार उघडलं १९३३ साली. १९३६ मध्ये सरकारी पदांवर बसायची मुभा मिळाली. १९४५ मध्ये बाई ‘नागरिक’ झाली, पण मतदान पुरुषांसाठीच राखून ठेवलं! म्हणजे कर भरा, नोकरी करा, पण कारभारी निवडायचे पुरुषांनीच.

त्यातच देशात कॉन्झर्वेटिव्ह आणि लिबरल या दोन पक्षांमध्ये भयंकर हिंसाचार पेटला. खेड्यापाड्यांत माणसं मारली जात होती, घरं जळत होती. १३ जून १९५३ रोजी जनरल रोहास पिनिया यांनी सत्ता हाती घेतली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नवी घटना लिहिण्यासाठी बसलेल्या सभेत बायकांनाही जागा मिळाली. तिथे कॉन्झर्वेटिव्ह होसेफिना आणि लिबरल एस्मेराल्दा आर्बोलेदा शेजारी शेजारी आल्या. बाहेर या दोन पक्षांचे लोक एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि आत या दोघी एकाच मागणीसाठी उभ्या! बाईनं मत दिलं तर संसार मोडेल, हा जुना आक्षेप होताच. पण त्या हटल्या नाहीत. २५ ऑगस्ट १९५४ रोजी मतदानाचा हक्क मंजूर झाला.

पण खरी गोम पुढेच आहे. मत मिळालं, निवडणूक कुठे होती? त्याच वर्षी जूनमध्ये बोगोटात सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. १९५५ मध्ये मोठं वर्तमानपत्र बंद पाडलं गेलं. १९५६ मध्ये बायकांना मतदार ओळखपत्रं मिळू लागली. पहिलं कुणाला, तर खुद्द जनरलच्या पत्नीला. ओळखपत्र पर्समध्ये, पण मतपेटीचा पत्ता नाही!

इथे दोघी मैत्रिणींच्या वाटा वेगळ्या झाल्या. एस्मेराल्दा राजवटीच्या विरोधात गेल्या. होसेफिना आतच राहिल्या. १९५५ मध्ये त्या काउकाच्या गव्हर्नर झाल्या, कोलंबियातली पहिली महिला गव्हर्नर. १९५६ मध्ये शिक्षणमंत्री झाल्या, देशातली पहिली महिला मंत्री. लेकीबाळींना हे दार उघडं दिसलं, ही मोठीच गोष्ट. पण ते दार ज्याच्या घराचं होतं, त्याच्याबद्दल लोकांचं मन एव्हाना विटलं होतं.

आणि मग घरातच पेच पडला. १९५७ मध्ये दोन्ही पक्षांनी वैर बाजूला ठेवून रोहास यांच्याविरुद्ध एकच उमेदवार दिला. कोण? होसेफिना यांचे सख्खे भाऊ! मे महिन्याच्या सुरुवातीला काली शहरात सैन्यानं त्यांना घरात अडकवलं. बहीण जिथे मंत्री झाली, त्याच सरकारचा पहारा भावाच्या दारावर! विद्यार्थी रस्त्यावर आले, दुकानं-बँका बंद पडल्या आणि १० मे रोजी रोहास पायउतार झाले.

१ डिसेंबर १९५७ रोजी देशभर सार्वमत झालं. कोलंबियातल्या बायकांनी देशपातळीवर पहिल्यांदा मत दिलं ते या दिवशी. सुमारे ४४ लाख मतांपैकी १८ लाखांहून जास्त मतं बायकांची होती. स्त्रीपुरुषांना समान राजकीय हक्क, यावरही याच सार्वमतानं शिक्कामोर्तब केलं. म्हणजे हुकूमशहानं कागदावर दिलेला हक्क आता जनतेनं स्वतःच्या हातानं पक्का केला. पुढच्याच वर्षी एस्मेराल्दा सिनेटवर निवडून गेल्या, पहिल्या महिला सिनेटर म्हणून. होसेफिना यांचे भाऊ १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

होसेफिना १९९१ साली गेल्या. त्यांचं नाव घेताना आजही ‘पहिल्या’ हा शब्द लागतो आणि पाठोपाठ रोहास यांचं नावही येतंच. चुकीच्या सरकारात जाऊन बायकांसाठी काही मिळवावं, की बाहेर राहून भांडावं? एस्मेराल्दांनी एक उत्तर दिलं, होसेफिनांनी दुसरं. पण त्या १८ लाख जणींनी मतपेटीत टाकलेल्या चिठ्ठीला दोघींचेही हात लागले होते, हे मात्र विसरून चालणार नाही.