लंगड्या उंदरांचा शोधकर्ता : मॅक्स थायलर

मी मिठबावचा. आमच्याकडे उंदीर म्हणजे माडावर चढून नारळ पोखरणारा चोर, त्याचं कौतुक कुणाला? पण लंगड्या उंदरांकडे नीट पाहणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ओळख मला करून द्यायची आहे.

मॅक्स थायलर यांचा जन्म 1899 साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा. वडील नावाजलेले पशुवैद्य. शिक्षण केप टाऊन आणि लंडनला झालं, डॉक्टरेट मात्र मिळाली नाही. 1922 मध्ये ते हार्वर्डला गेले. पीतज्वरावर काम करताना तो ताप त्यांनाही झाला, पण ते वाचले. 1930 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की हा विषाणू उंदराच्या मेंदूत टोचला की उंदीर मेंदूच्या दाहाने मरतो. माकडापेक्षा उंदीर कितीतरी स्वस्त, त्यामुळे संशोधनाला वेग आला. पुढे रॉकफेलर फाउंडेशनमध्ये त्यांनी पीतज्वराची लस तयार केली. 1951 चं नोबेल त्याबद्दलच.

मला मात्र त्यांचा दुसरा शोध जास्त आवडतो. प्रयोगशाळेतल्या काही उंदरांचे मागचे पाय आपोआप लुळे पडले होते. थायलर यांनी ते उंदीर टाकून दिले नाहीत. त्यातून सापडलेला नवा विषाणू त्यांनी 1934 मध्ये जाहीर केला. एरवी तो आतड्यात गुपचूप राहतो. क्वचित मज्जारज्जूत शिरला, तर पोलिओसारखा स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो.

पुढच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट कळली. काही उंदीर वाचतात, पण विषाणू मज्जारज्जूत ठाण मांडून बसतो. मग त्याच्यावर चालून आलेली शरीराचीच संरक्षक यंत्रणा चेतातंतूंवरचं मायलिन उखडते. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर वायरचं इन्सुलेशनच जातं, मग सिग्नल पोचणार कसा? माणसाच्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही मायलिन असंच जातं, म्हणून या उंदरांचा अभ्यास आजही चालू आहे.

रॉकफेलर फाउंडेशनच्याच मदतीने 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघालं. तिथेही उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत नमुने टोचून विषाणू शोधत. शिमोग्याच्या जंगलातला माकडताप 1957 मध्ये याच केंद्राने ओळखला. 2016 मध्ये तो आमच्या जिल्ह्यात, दोडामार्गला आला, तेव्हा निदान शत्रूचं नाव तरी माहीत होतं.

थायलर 1972 मध्ये गेले. प्रॅक्टिकलमध्ये ग्राफबाहेरचं रीडिंग आलं की खोडरबराकडे हात जातोच. त्याआधी तो लंगडा उंदीर एकदा आठवा!