संत गोन्सालो गार्सिया : रुग्णांचा दुभाषी

आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया रक्तसाक्षी झाले, हे आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहे. परंतु त्यांच्या संघाने गोरगरीब रुग्णांसाठी केलेले काम फारसे सांगितले जात नाही.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले व जपानी भाषा उत्तम शिकून घेतली. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही, म्हणून ते व्यापारात पडले. धंद्यात जम बसला, पण मन रमेना. शेवटी फिलिपिन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे ब्रदर म्हणून.

याच संघाच्या ब्रदर हुआन क्लेमेंते यांनी मनिलात मठामागे गरिबांसाठी दवाखाना सुरू केला होता. ज्यांना कोणी दारात उभे करीत नसे, ते कुष्ठरुग्ण तेथे येत.

१५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांचे शिष्टमंडळ जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर गेले. सत्ताधीश हिदेयोशी यांच्यासमोर ते शिष्टमंडळाची बाजू मांडीत. क्योतो येथे जागा मिळाली. मठ उभा राहिला आणि शेजारी कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालयेही. नव्याने आलेल्या मिशनऱ्यांना जपानी येत नव्हती. रुग्णाचे दुखणे त्यांना कळायचे तर मध्ये भाषा जाणणारा माणूस हवाच होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे गोन्सालो यांच्यासह २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत रुग्णालय सांभाळणारे पॉल सुझुकी होते, एक जपानी वैद्यही होते. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

पुढे १६३२ मध्ये जपानने शंभराहून अधिक ख्रिस्ती कुष्ठरुग्णांना जहाजात बसवून मनिलाला धाडले. फ्रान्सिस्कनांनी त्यांना ठेवून घेतले. तेव्हापासून त्या रुग्णालयाला संत लाझरसचे नाव पडले. 'सान लाझारो' आज फिलिपिन्सचे संसर्गजन्य रोगांचे सरकारी रुग्णालय आहे. गरिबांची रीघ तेथे अजून आटलेली नाही. २०१९ च्या गोवराच्या साथीत खाटा अपुऱ्या पडल्या आणि एकेका खाटेवर एकाहून अधिक मुले ठेवावी लागली. त्याच वर्षी तेथे सर्व नागरिकांना आरोग्य विम्यात घेणारा कायदा झाला. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या रुग्णालयांत साध्या वॉर्डातील रुग्णाचे बिल शून्य राहील, अशी घोषणा झाली. पण बिल माफ झाले म्हणून खाटा वाढत नाहीत, आणि दूरच्या बेटावरचा रुग्ण आपोआप शहरात पोहोचत नाही.

बंधूभगिनींनो, आपल्याकडेही तसेच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयांत मदतीसाठी आरोग्यमित्रही बसतात. तरीही एखादी एकटी आजी रेशनकार्ड पिशवीत घेऊन दारातूनच परत फिरते. कुठल्या खिडकीवर जायचे, काय विचारायचे, हे तिला कळत नाही.

खाटा वाढवणे हे सरकारचे काम आहे आणि ते आपण मागितलेच पाहिजे. पण त्या आजीबरोबर रांगेत उभे राहणे, तिचे कागद नीट लावून देणे, डॉक्टरांचे म्हणणे तिला तिच्या बोलीत समजावून सांगणे, हे आपल्यापैकी कोणीही करू शकतो. गोन्सालो यांच्यापाशीही अधिकार नव्हता, होती ती फक्त भाषा. या आठवड्यात आपल्या वाडीत कोण आजारी आहे आणि दवाखान्यात त्याच्याबरोबर जायला कोणी आहे का, एवढे विचारून पाहूया.