प्लेगच्या लशीचे हाफकिन आणि आपला उंडेरा

आपल्या वडोद्यातील जुन्या घरांतून प्लेगची गोष्ट निघाली म्हणजे मेलेले उंदीर, टाळे लावलेले वाडे, गावाबाहेरच्या झोपड्या हे सारे हटकून येते. लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मात्र क्वचितच निघते. आणि त्या लशीची एक चोख परीक्षा जवळच उंडेरा गावी झाली, हे तर फारच थोड्यांस ठाऊक असते.

हाफकिन १८६० साली ओडेसा येथे यहुदी कुटुंबात जन्मले. शिक्षण प्राणिशास्त्राचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार केलेली कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी नवी लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली.

उंडेऱ्याचा प्रयोग फेब्रुवारी १८९८ मधला. एकेका कुटुंबातील सुमारे निम्म्यांस लस टोचली, बाकीच्यांस नाही. घर एक, चूल एक. फरक काय तो लशीचा. पुढे प्लेगने टोचलेल्यांतील ३ दगावले, न टोचलेल्यांतील २६. पुरावा लखख मिळाला खरा, पण त्या २६ जणांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

पंजाबात टोचणी जोरात चालू असता ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. इतर बाटल्यांतून टोचलेले सुखरूप होते. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, असेही चौकशीत निघाले. तरी ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांस दूर केले गेले. मी गाणे शिकविणारा माणूस, वैद्यकात मला गती नाही. पण एक तार उतरली म्हणून कोणी तंबोरा फोडीत नाही. लोकांचा विश्वास उडाला, पंजाबातील मोहीम बसली. प्लेग थांबला नव्हता. एकट्या १९०७ साली त्याने हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक बळी घेतले.

त्याच वर्षी रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कुठे सरकारने त्यांस परत घेतले. तेही कलकत्त्यास! मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांस पुन्हा मिळाली नाही. लस मात्र परळच्या त्या प्रयोगशाळेत बनत राहिली, आणि पुढे गावोगाव लाखो लोकांनी ती टोचून घेतली. १९२५ मध्ये त्या संस्थेस हाफकिन यांचे नाव दिले, तेव्हा ते हिंदुस्थान सोडून गेलेले होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडात लोझान येथे ते वारले.