नोलनच्या १२० वर्षं आधी 'ओडिसी' पडद्यावर आणणारा जादूगार कोण होता?

ख्रिस्तोफर नोलनच्या 'द ओडिसी'मुळे होमरचं महाकाव्य पुन्हा चर्चेत आलंय. पण त्यातला एकडोळ्या राक्षस पडद्यावर कसा दाखवायचा, हा प्रश्न एका फ्रेंच माणसाने १९०५ मध्येच हाती घेतला होता. त्यांचं नाव जॉर्ज मेलिएस.

मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ चा, पॅरिसमधला. घरचा बुटांचा कारखाना होता, पण यांचा ओढा जादूकडे. १८८८ मध्ये कारखान्यातला वाटा भावांना विकून त्यांनी थेट जादूच्या प्रयोगांचं थिएटरच विकत घेतलं.

डिसेंबर १८९५ मध्ये त्यांनी ल्युमिएर बंधूंचा चित्रपटांचा खेळ पाहिला. कॅमेरा विकत मागितला, पण नकार मिळाला. मग लंडनहून यंत्र आणून, त्यात फेरफार करून त्यांनी १८९६ मध्ये चित्रपट बनवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी काचेचा स्टुडिओ उभारला. १९०२ च्या 'अ ट्रिप टू द मून'ने त्यांना जगभर ओळख दिली.

'ओडिसी'चं काय केलं?

मूळ काव्य २४ सर्गांचं, १२ हजारांहून जास्त ओळींचं. मेलिएस यांच्या हाताशी मात्र जेमतेम काही मिनिटं. होमरकडे कॅलिप्सो आणि राक्षस पॉलिफिमस यांच्या कथा वेगवेगळ्या आहेत. मेलिएस यांनी दोन्ही एकाच बेटावर आणल्या. गुहेतून भलामोठा हात बाहेर येतो, मग राक्षसाचं प्रचंड तोंड दिसतं आणि युलिसिस त्याचा डोळा फोडतो. बाकीचं महाकाव्य त्यांनी सोडून दिलं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हा पेच आजच्या दिग्दर्शकांनाही चुकलेला नाही.

पुढे काय झालं?

प्रेक्षकांची आवड बदलली, कर्ज वाढलं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने त्यांच्या शेकडो रिळा वितळवल्या. त्यातून मिळालेलं सेल्युलॉइड बुटांच्या टाचांसाठी वापरलं गेलं. १९२३ मध्ये सगळं गमावल्यावर मेलिएस यांनी उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच जाळल्या. नंतर ते पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवर खेळणी विकत होते.

तिथे पत्रकारांनी त्यांना शोधून काढलं. १९३१ मध्ये 'लीजन ऑफ ऑनर' मिळाला. २१ जानेवारी १९३८ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या ५०० हून अधिक चित्रपटांपैकी निम्म्याहून कमी आज उपलब्ध आहेत. इतरांकडे गेलेल्या प्रतींमुळे ते वाचले. युलिसिसचा तो छोटा चित्रपटही त्यातलाच एक.